घरघंटीच्या पोटात काय आहे?

सिंगापुरात ज्वारीचं पीठ मिळतं, बाजरीचं मिळतं, चकलीची तयार भाजणीसुद्धा मिळते. मग घरात गिरणी कशाला? आमच्या मंडळातल्या निम्म्या मैत्रिणींनी मला हे विचारलं, आणि उरलेल्या निम्म्यांनी "माझं दळण कधी आणू?" असं विचारलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं यंदाच्या सदरात देऊन टाकते.

पहिलं उत्तर सोपं आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. बाजरीच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त असतो. दाणा फुटला की त्या तेलाला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. भारतात दळलेलं, जहाजाने आलेलं, इथल्या दुकानात बसलेलं पीठ किती जुनं असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. अख्खं धान्य मात्र टिकतं. धान्य आणायचं आणि लागेल तेवढंच दळायचं, एवढ्यासाठी घरघंटी. (यातला 'घंटी' हा शब्द गुजराती, अर्थ जातं. म्हणजे यात घंटा कुठेच नाही. आवाज मात्र भरपूर आहे.)

कायमचं पुण्याला परत निघालेल्या एका कुटुंबाची, सात वर्षं वापरलेली, एक हॉर्सपॉवरची घरघंटी आम्ही घेतली. बघायला जाताना पिशवीत अर्धा किलो गहू आणि अर्धा किलो तांदूळ घेऊन गेले. कारण रिकामी गिरणी सगळ्यांचीच छान चालते, खरी परीक्षा दाणे पडल्यावर. बटण दाबल्यावर मोटर नुसतीच गुरगुरते आणि फिरत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्तात बदलता येतो. पण फिरताना खडखड येत असेल तर बेअरिंग किंवा आतली पाती झिजलेली असू शकतात. या गिरणीत दगड नसतो. पोलादी पाती जोरात फिरून दाणा फोडतात आणि पीठ जाळीतून खाली पडतं. म्हणून सगळ्या जाळ्या उजेडासमोर धरून बघाव्यात. एखादं भोक फाटलेलं असेल तर पिठात कणी येणारच. दार उघडल्याबरोबर मोटर बंद पडते की नाही, हेही तिथेच पाहावं. घरात मुलं असतील तर ही तपासणी चुकवू नये.

विजेचं गणित आपल्या बाजूचं आहे. भारतात आणि सिंगापुरात दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अमेरिकेतल्या नणंदेला मात्र "तू पण घे" असं सांगू नका, तिकडे ६० हर्ट्झ आणि घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट असतात. आमच्या गिरणीला तीन गोल पिनांचा भारतीय प्लग होता. प्रवासातला अडॅप्टर लावून असलं यंत्र चालवू नये. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने तो काढून सेफ्टी मार्क असलेला १३ अँपिअरचा, आत फ्यूज असलेला प्लग बसवला आणि अर्थिंग मोजून दिलं. विजेची गळती झाली की क्षणात पुरवठा तोडणारं आरसीसीबी नावाचं यंत्र १ जुलै २०२५ पासून इथल्या प्रत्येक घरात असणं बंधनकारक आहे. गिरणी लावल्यावर ते सारखं पडत असेल तर त्याला दोष देऊ नका, गिरणी तपासून घ्या.

मग प्रश्न आला आवाजाचा. आम्ही बुकित पंजांगच्या एचडीबी ब्लॉकमध्ये राहतो. आपली जमीन म्हणजे कुणाचं तरी छत. इथे रात्री १० ते सकाळी ८ ही शांततेची वेळ पाळावी असं सुचवलेलं आहे, पण नियमाच्या आत राहून शेजारी जपले जातातच असं नाही. गिरणी जागेवर बसवण्याआधी मी खालच्या मजल्यावरच्या आंटींकडे गेले. त्यांचा मुलगा रात्रपाळी करतो आणि दुपारी तीनपर्यंत झोपतो. हे आधीच कळलं ते बरं झालं. आमच्या एलआरटीच्या फजर आणि सेंजा या स्थानकांच्या नावांचे मलय भाषेत अर्थ आहेत पहाट आणि तिन्हीसांज. जुन्या बायका फजरला दळायच्या, आम्ही सेंजाच्या आधी दळतो. गिरणीखाली जाड रबर, भिंतीपासून वीतभर अंतर, खिडकी उघडी, आणि गॅस पेटलेला असताना दळण नाही, कारण हवेत उडालेलं बारीक पीठ पेट घेऊ शकतं. दळलेलं पीठ कोमट असतं. ते परातीत गार होऊ दिल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं आणि इथल्या दमट हवेत त्याचा वास यायला वेळ लागत नाही.

इथपर्यंत सगळं शिकता येण्यासारखं, दुरुस्त करता येण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

आमच्याच ब्लॉकमधल्या एका मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या मुलीला या वर्षी सीलिॲक असल्याचं निदान झालं. गहू, जव यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. कधी कधी वरून काही दिसतही नाही. गिरणी आल्याचा सगळ्यांत जास्त आनंद या मैत्रिणीला झाला. "आता तिला ताज्या ज्वारीची भाकरी देता येईल," म्हणाली. मी गिरणी उघडली. ब्रशने झाडली, व्हॅक्यूम लावला. दाराच्या रबरामागे, स्क्रूच्या आट्यांत, कापडी पिशवीच्या शिवणीत सात वर्षांचा गहू बसलेला होता. मोटरशी जोडलेला तो कप्पा काही नळाखाली धरता येत नाही.

"दोन किलो तांदूळ आधी दळून टाकून दे, साफ होईल," असं तिने सुचवलं. चव मिसळू नये म्हणून आपण तेच करतो. पण ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर किलोभर ज्वारीत पाव ग्रॅम गव्हाचं पीठसुद्धा जास्त झालं. चिमटीत धरलं तर जाणवणारही नाही एवढं. त्या लेकरासाठी मी माझ्या गिरणीची हमी देऊ शकत नव्हते. मी नाही म्हटलं. मैत्रीण "बरं" म्हणून गेली आणि आठवडाभर लिफ्टमध्ये भेटली तरी दोन शब्दांपलीकडे बोलली नाही. तिचा राग गिरणीवर होता की माझ्यावर, की त्या आजारावर, हे मी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी मिळून तिच्यासाठी कोरडं दळायचा एक नवा, छोटा ग्राइंडर घेऊन आलो. तो तिच्याच घरात राहतो, त्यात गहू कधीच जात नाही. आहारतज्ज्ञांना विचारून ज्वारी सीलबंद पाकिटातली घेतो, निवडतो, धुतो आणि पूर्ण वाळवतो. चाळणी, परात, लाटणं सगळं वेगळं, नवं. पीठ थोडं जाडसर येतं, भाकरी लहान थापावी लागते. पण मुलगी स्वतः थापते आणि फुगली की हाक मारते.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दळण जरूर आणा. शनिवारी चार ते सहा. धान्य निवडून, वाळवून आणा, भाजणी भाजलेली असेल तर पूर्ण गार करून. शेंगदाणे आणि तीळ आणू नका, जाळी बुजते. पैसे घेत नाही, तेव्हा तो विषय काढू नका. आणि घरात कुणाला गहू चालत नसेल, तर डबा उघडण्याआधी मला सांगा. मी नाही म्हणेन. चहा मात्र घेऊन जा.