उत्तरपत्रिकेवरचे नाव

दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. पेपर कामठ्याच्या कोणत्या पोराचा, हे तपासणाऱ्याला कळत नाही. शाळेतल्या चाचणीवर मात्र आडनावासकट नाव असते, आणि आडनाव काय सांगते हे आपल्याला शिकवायला नको!

रेमा हॅना व ली लिंडन या संशोधकांनी भारतातच हे पडताळले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर चिठ्ठ्या टाकाव्या तशी कोणतीही जात लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालची’ जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. अभ्यास २०१२ साली छापून आला. फरक लहानच, पण झोंबणारी गोष्ट पुढे आहे. कमी गुण देण्यात त्याच जातींतले शिक्षक पुढे होते! भेद जास्त झाला तो गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पेपरांत, म्हणजे कोणत्या उत्तराला किती गुण हे मनात पक्के होण्याआधी.

तेव्हा पालकहो, एक दिवसाची मजुरी बुडाली तरी पालकसभेला जा. गुणांचा तक्ता आधी ठरतो का, नाव झाकून तपासता येईल का, हे गुरुजींना नम्रपणे विचारा. तपासलेला पेपर मागून पाहा. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रतही शुल्क भरून मिळते. निकालानंतरची मुदत तेवढी चुकवू नका.