कढण आईला, टोपडे बाळाला

आपल्याकडे घाटावर थंडी पडली, की बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद होतात आणि खाटेखाली कोळशाची शेगडी येते. माझ्या मते ही शेगडी थंडीपेक्षा घातक आहे. बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच दगावू शकतो.

ऊब हवीच, पण ती स्वयंपाकघरातून आणि विणकामाच्या पिशवीतून आणावी. मूठभर मूग चार पेले पाण्यात मऊ शिजवून घोटावेत, तुपात जिरे, लसूण, आल्याची फोडणी द्यावी, मीठ बेताने. हे कढण आईने गरम प्यावे. पाकिटातल्या सुपात मीठ बहुधा जास्त असते, म्हणून रक्तदाबाच्या आजोबांनाही कढणच बरे. बाळाला मात्र पहिले 6 महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. कढणाचे पाणीसुद्धा नको.

बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, तेथून ऊब लवकर जाते. स्वेटर विणून उरलेल्या लोकरीत टोपडे नि मोजे सहज होतात. रंग जुळले नाहीत तरी बाळाची तक्रार नसते! गळ्याशी बंद मात्र नकोत. मोजे उलटे करून सुटे धागे कापावेत. धागा बोटाला आवळला तर रक्तपुरवठा थांबतो. बाळाला घाम आला तर टोपडे काढावे.

एवढे करूनही तळपाय गार लागले, तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे. तरीही गारच राहिले किंवा बाळ दूध ओढेना, तर लगेच दवाखाना गाठावा. आईच्या छातीइतकी सुरक्षित शेगडी दुसरी नाही.