पोहायला जरूर शिकवा; पण आधी कठडा बांधा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की मळ्यातल्या विहिरींवर पोरांची झुंबड उडते. शहरांत तर हल्ली सहा महिन्यांच्या बाळालाही पोहण्याच्या तलावात उतरवतात. ते पाहून आपल्याकडचे पालकही विचारतात, "डॉक्टर, आमच्या बाळाला पोहायला कधी शिकवावे?"

आईबापाच्या हातात राहून स्वच्छ, कोमट पाण्यात बाळ खेळले तर हरकत नाही. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवल्याने त्याचे बुडणे टळते, असा पुरावा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2019 साली हेच सांगितले. तान्हे बाळ लवकर गारठते, पाणी गिळते. विहिरीच्या पाण्यात त्याला मुळीच उतरवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून दगावली. त्यांत जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. सहा वर्षांपासून पोहणे शिकवावे आणि त्याआधी पाण्याला अडसर व मुलावर मोठ्यांची नजर असावी, असा संघटनेचा सल्ला आहे.

हिंगोली जिल्ह्यात लहानग्यांना धोका आहे तो अंगणातल्या हौदाचा, न्हाणीतल्या बादलीचा, बिनकठड्याच्या विहिरीचा आणि शेततळ्याचा. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते आणि आवाजही होत नाही. शेततळ्याचे प्लॅस्टिक इतके निसरडे असते की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तिथे कुंपण हवे, काठाला दोर बांधलेला हवा.

माय खुरपायला गेली की धाकट्याला आठ वर्षांची थोरली सांभाळते. तिच्यावर हा भार टाकणे बरोबर नाही. बांगलादेशात गावोगावी बालसंगोपन केंद्रे चालवून लहानग्यांचे बुडणे खूपच कमी झाले. आपल्याकडेही शेतीच्या हंगामात अंगणवाडी माय घरी येईपर्यंत उघडी राहावी आणि ग्रामपंचायतीने विहिरींना कठडे बांधावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे. पण मूल सहा वर्षांचे झाल्यावर, आणि तेही पट्टीचा पोहणारा सोबत असेल तरच.

शेवटी एक लक्षात ठेवा. बुडालेल्या मुलाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास बंद असेल तर उताणे निजवून लगेच तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 क्रमांकावर फोन करायला सांगा.