चाकाबरोबर फावडेही हवे

उन्हाळी सुट्टीआधी आम्ही सायकल क्लबचे नऊ जण दर रविवारी शाळेमागच्या डोंगरातल्या पायवाटेवर जात होतो. वर चढताना दम निघायचा, पण खरी मजा उतरताना. वळण आले की मागचा ब्रेक करकचून दाबायचा आणि चाक फरपटत न्यायचे. जो जास्त धूळ उडवील तो शूर, अशी आमची शर्यत होती.

सुट्टीनंतर, दोन महिन्यांचा पाऊस पडून गेल्यावर, आम्ही तिथे परत गेलो. आमच्या लाडक्या वळणावर गुडघाभर खोल ओघळ पडला होता. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी वर अडकून उभ्या होत्या. आम्ही दोघांनी हात धरून त्यांना खाली उतरवले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पूर्वी मी एकटी उतरत असे.”

त्या आठवड्यात सरांनी ती वाट सायकलींना बंद केली. क्लबमध्ये दोन तट पडले. काही म्हणतात, हा अन्याय आहे. डोंगर काय फक्त चालणाऱ्यांचा आहे? काही म्हणतात, बरे झाले. माझे मत या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. ते कसे बनले, हे सांगण्यासाठी मला थोडे लांब, इटलीपर्यंत जावे लागेल.

इटली म्हटले की या पानाच्या वाचकांना यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोन मराठे वीर आठवणारच. १९४४ आणि १९४५ मध्ये तिथल्या लढायांत त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मी सांगतो आहे तो भाग मात्र त्या रणभूमीपासून दूर, देशाच्या वायव्य कोपऱ्यात आहे. त्याचे नाव पिएमाँते, म्हणजे डोंगराचा पायथा. मध्ये पो नदीचे सपाट मैदान आणि भातशेती, तीन बाजूंना आल्प्स. भूगोलाच्या तासाला नकाशा पाहिला तेव्हा मला तो आपल्याच परिसरासारखा वाटला. आपल्याकडेही वर्गाच्या खिडकीतून एका बाजूला शेते आणि दुसऱ्या बाजूला हिमालयाचा पहिला चढ दिसतो.

मग मी त्या भागाबद्दल मिळेल ते वाचले. पिएमाँते ही माउंटन बायकिंग करणाऱ्यांची पंढरीच आहे. आणि तिथल्या अनेक प्रसिद्ध वाटा मुळात सैन्याने बांधल्या आहेत! फ्रान्सची सीमा जवळ असल्यामुळे शतकानुशतके तिथे किल्ले आणि चौक्या उभारल्या गेल्या. त्यांच्यापर्यंत तोफा, दारूगोळा आणि रसद पोहोचवायला रस्ते हवे होते. १८७२ मध्ये इटलीने ‘अल्पिनी’ हे पहाडी सैन्य उभारले आणि त्यात डोंगरखोऱ्यातलेच तरुण घेतले. ज्याला डोंगर ठाऊक, त्यानेच तो राखावा, हा विचार आपल्याला नवा नाही.

यातला एक रस्ता आसिएत्ताचा. १९ जुलै १७४७ रोजी याच डोंगरधारेवर पिएमाँतेच्या सैन्याने संख्येने कितीतरी मोठ्या फ्रेंच फौजेला मागे रेटले. आज तिथून जाणारा कच्चा रस्ता बहुतेक ठिकाणी २,००० मीटरच्या वर राहतो. एका टोकाजवळ फिनेस्त्रे खिंड आहे. तिच्या चढाचे शेवटचे सुमारे आठ किलोमीटर कच्चे आहेत. २०१८ च्या जिरो द’इटालिया शर्यतीत ख्रिस फ्रूम याच चढावर सगळ्यांना सोडून निघाला आणि उरलेले सुमारे ८० किलोमीटर एकटा पुढे राहून जिंकला. दुसरा रस्ता ‘मिठाची वाट’. लिमोने ते मोनेसी असा हा जुना लष्करी रस्ता १,८०० ते २,१०० मीटर उंचीवरून फ्रान्सच्या सीमेलगत जातो. समुद्रावरचे मीठ पूर्वी याच डोंगरांतून मैदानात येत असे.

हे रस्ते सायकलला इतके चांगले का? तोफ ओढणाऱ्या खेचराला फार उभा चढ चालत नाही. म्हणून रस्ता लांब वळसे घेत, बेताच्या चढाने नेलेला असतो. कडेला दगड रचून केलेल्या भिंती असतात आणि पाणी बाहेर काढण्याची सोय असते. डोंगरातल्या रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे, हे बांधणाऱ्यांना माहीत होते.

आमचे वळण मी याच नजरेने पुन्हा पाहिले. चाक फिरत असते तेव्हा मातीला फारसे काही होत नाही. ब्रेक दाबून ते फरपटवले की मात्र मुळे आणि गवत निघते आणि बोटभर खोल खाच पडते. पावसाच्या पाण्याला तेवढी खाच पुरते. बाकीचे काम ते स्वतः करते. म्हणजे ओघळ पावसाने पाडला, पण त्याला वाट आम्ही दाखवली.

पिएमाँतेतही सगळे गोडीगुलाबीने चालत नाही. मोटारसायकलवाल्यांना रस्ता हवा असतो, चालणाऱ्यांना शांतता हवी असते, सायकलवाल्यांना दोन्ही. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला सर्वांत आवडला. आसिएत्ताच्या रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा मोटारींना बंदी असते. मिठाच्या वाटेवर हंगामात मंगळवार आणि गुरुवार हे चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे दिवस आहेत. इतर दिवशी मोटारी ठरावीक संख्येनेच आणि पथकर भरून जातात. कायमची बंदी नाही आणि मोकाट सूटही नाही, वाटून घेतले आहे. शिवाय डोंगरातल्या पायवाटांची निगा राखण्याचे मोठे काम इटालियन अल्पाइन क्लबचे स्वयंसेवक करतात. १८६३ मध्ये तोरिनोत, म्हणजे पिएमाँतेच्याच राजधानीत, स्थापन झालेली ही संस्था. दगडांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवणे, वाट साफ ठेवणे, हे सगळे रविवारी येणारे साधे लोक करतात.

कोणी म्हणेल, इटलीचे नियम इथे कशाला? बरोबर आहे, जसेच्या तसे नकोतच. तिथला रस्ता तोफेसाठी बांधलेला आहे. आपली पायवाट माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडली आहे. ती अरुंद आहे, तिला भिंत नाही, आणि आपला पाऊस वेगळा. म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा जास्त जपून वागायला हवे, कमी नाही. आणि ती वाट आमच्यासाठी खेळ असली तरी आजींसाठी रोजचा रस्ता आहे. आम्ही पाहुणे आहोत.

म्हणून माझे म्हणणे असे. बंदी उठवावी, पण आधी आम्ही ती उठवण्यास पात्र व्हावे. पावसाळ्यात आणि माती वाळेपर्यंत त्या वाटेवर एकही सायकल जाऊ नये. नंतर गावकऱ्यांना विचारून आठवड्यातला एकच दिवस ठरवावा, आणि तो त्यांच्या गवताचा किंवा बाजाराचा नसावा. समोरून माणूस आला की आपण उतरून बाजूला उभे राहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सायकल चालवण्याआधी तासभर फावडे चालवावे. ओघळ दगडांनी भरावा, वाटेवर आडवे चर काढून पाणी बाहेर सोडावे. जो या कामाला येणार नाही, त्याला त्या दिवशी सायकल नाही.

काही मित्र म्हणतात, मातीकाम ही शिक्षा झाली. मला तसे वाटत नाही. आपण पुढे ज्या सेनेत जाऊ इच्छितो, तिथे वाट करणाऱ्या सॅपरला लढणाऱ्याइतकाच मान असतो. आणि २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सुट्टीत घरी जाऊन त्याच गडांच्या पायथ्याच्या वाटा आपण चाकांनी उकरणार असू, तर त्या टाळ्यांना काय अर्थ?

सरांकडे मी परवानगी मागितली आहे, पण ती फावड्यांसाठी. सायकलीसाठी नंतर मागेन. आधी ते वळण नीट करायचे आहे. त्या आजी भारा घेऊन पुन्हा एकट्या उतरू लागल्या, की मगच मी सायकल बाहेर काढीन.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी