एक नाव, अनेक भास्कर

साक्रीहून आमच्या एका वाचक-कुटुंबाचे पत्र आले आहे. घरात आजोबांचे नाव भास्कर आणि नातवाचेही भास्कर. सून सासऱ्यांचे नाव घेत नाही, म्हणून नातू ‘बापू’ या नावाने हाक मारला जातो. शाळेच्या हजेरीपटापुरताच काय तो तो भास्कर! या बापूने एका पुस्तकात वाचले की, गणिती भास्कर सातव्या शतकात सौराष्ट्राकडे होऊन गेले. दुसऱ्यात वाचले की, ते बाराव्या शतकात सह्याद्रीच्या आश्रयाने राहत होते. आजोबांनी पहिले पुस्तक चुकीचे ठरविले, नातवाने दुसरे. घरातील मंडळींनी निवाडा आमच्याकडे सोपविला आहे. निवाडा असा की, दोन्ही पुस्तके खरी आहेत आणि वादी-प्रतिवादी दोघेही जिंकले आहेत. भास्कर दोन झाले. किंबहुना दोनच नव्हेत, पुष्कळ झाले.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल जुनी आहे. तिच्यात जिव्हाळा आहे, पितरांचे स्मरण आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तिचा मोठा जाच होतो. ब्रह्मसूत्रांवर भाष्य करून भेदाभेदवाद मांडणारे वेदान्ती भास्कर निराळे; ‘अर्थसंग्रह’ लिहून मीमांसेचा मार्ग विद्यार्थ्यांस सुगम करणारे लौगाक्षि भास्कर निराळे; आणि ललितासहस्रनामावर ‘सौभाग्यभास्कर’ हे भाष्य रचणारे अठराव्या शतकातील भास्करराय आणखी निराळे. अलीकडच्या काळात यावे, तर १८४१ साली मुंबईच्या वृत्तपत्रात इंग्रजी राज्याची निर्भीड झडती घेणारे भास्कर पांडुरंग तर्खडकर, बालगंधर्वांचे गुरू गायनाचार्य भास्करबुवा बखले, आणि कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे. वेदान्ती, मीमांसक, उपासक, पत्रलेखक, गवई, कवी. नाव एक, व्यवसाय सहा. यांची गल्लत कोणी करीत नाही, कारण त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. घोटाळा होतो तो दोघांचा व्यवसाय एकच असला म्हणजे.

पहिले भास्कर हे आर्यभटाच्या परंपरेतील ज्योतिषी. आर्यभटीयावरील त्यांचे भाष्य इ. स. ६२९ मधील आहे. ‘महाभास्करीय’ व ‘लघुभास्करीय’ हे त्यांचे दोन ग्रंथ. त्यांचे खरे कौशल्य एका छोट्या सूत्रात दिसते. कोनाची ज्या काढावयास एरवी कोष्टक लागते. त्यांनी कोष्टकावाचून चालणारी रीत सांगितली. आजच्या भाषेत ती अशी: कोनाचे अंश १८० मधून वजा करावेत आणि बाकीने त्याच अंशांस गुणावे. या गुणाकाराची चौपट करावी. मग मूळ गुणाकार ४०५०० मधून वजा करून जे उरेल, त्याने त्या चौपटीस भागावे. ३० अंश घ्या. १५० गुणिले ३० म्हणजे ४५००. त्याची चौपट १८०००. ४०५०० मधून ४५०० गेले, उरले ३६०००. भागाकार बरोबर अर्धा, आणि ३० अंशांची ज्या अर्धीच असते. ४५ अंशांस ही रीत ०.७०५९ देते, वास्तविक किंमत ०.७०७१. तेराशे वर्षांहून अधिक जुन्या रीतीत एवढाच काय तो फरक! बापूने आणखी दोन-चार कोन घेऊन पाहावेत.

दुसरे भास्कर म्हणजे ज्यांस आपण आदराने भास्कराचार्य म्हणतो ते. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हा त्यांचा जन्मकाळ. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण झाला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. ११८३ सालचे ‘करणकुतूहल’ हे उतारवयातील लेखन. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने आहे, असे ते स्वतः सांगतात. त्या विज्जडविडाच्या जागेविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु त्यांच्या घराण्याचा खानदेशाशी असलेला संबंध मात्र दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्यास दान दिले, हे त्या लेखावरून कळते. लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत असून त्यात मठासाठी बाजारात घ्यावयाच्या करांची तपशीलवार नोंद आहे. हा लेख उजेडात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड पेशाने वैद्य होते. भारतीय ज्योतिषाचा इतिहास १८९६ साली मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित शाळाशिक्षक होते आणि काही काळ त्यांनी धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात शिकविले. ज्ञानाचा धागा असा अनेक पेशांच्या हातांतून आला आहे.

आता मौज पाहा. त्याच शिलालेखात घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. म्हणजे भास्कराचार्यांच्या खापरपणजोबांचे वडीलही भास्करच! भोजराजाने त्यांस ‘विद्यापति’ ही पदवी दिली, असे लेख सांगतो. चांगदेवाने नुसते ‘भास्कर’ असे कोरून सोडले असते, तर आज आपण पाच पिढ्यांच्या अंतराचे दोन पुरुष एक करून बसलो असतो. त्याने बापाचे नाव, लेकाचे नाव आणि पदवी कोरली, म्हणून दोघे दोन राहिले.

दोघे गणिती भास्कर मात्र आधुनिक लेखनात दीर्घकाळ एकमेकांत मिसळत राहिले. बिभूतिभूषण दत्त यांनी १९३० साली ‘दोन भास्कर’ याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे कृपाशंकर शुक्ल यांनी लखनौ विद्यापीठातून पहिल्या भास्करांचे ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले. या शोधात एक नवल निघाले. वर्गप्रकृतीचे उदाहरण सोडविण्याची ‘चक्रवाल’ रीत दुसऱ्या भास्कराचार्यांची म्हणून प्रसिद्ध होती. एखाद्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी सर्वांत लहान संख्या काढा, हा प्रश्न त्यांनी या रीतीने सोडविला, उत्तर २२६१५३९८०. हाच प्रश्न फ्रान्समधील फेर्मा याने १६५७ मध्ये युरोपातील गणित्यांपुढे टाकला. परंतु पहिल्या भास्करांच्या ‘लघुभास्करीया’वर उदयदिवाकराने १०७३ साली टीका लिहिली, तीत जयदेव नावाच्या गणित्याचे श्लोक सापडले, आणि चक्रवाल त्यांत आहे! आचार्यांच्या जन्माआधी निदान चाळीस वर्षे ही रीत होती. म्हणजे एका भास्कराच्या ग्रंथावरील टीकेने दुसऱ्या भास्कराच्या नावावरचे श्रेय तिसऱ्याच पुरुषास परत दिले. याने आचार्यांची थोरवी उणावत नाही. त्यांनी रीत सुबोध केली, कठीण उदाहरणे सोडवून दाखविली. परंतु जयदेवाचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे.

यंत्रांविषयी हाच न्याय लावावा. आचार्यांच्या यंत्राध्यायातील ‘फलकयंत्र’ हे त्यांचे स्वतःचे: समांतर रेघा आखलेली चौकोनी फळी, तीत एक खिळा आणि त्याभोवती फिरणारी पट्टी, सूर्याची उंची घेऊन दिवसाची वेळ काढण्याचे ते साधन. गणितातील आकडेमोड फळीवरच उरकावी, ही कल्पना आजही कौतुकास पात्र आहे. त्याच अध्यायात आरे पोकळ करून त्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचेही वर्णन आहे. ‘भारतीयांनी शाश्वत गतीचे यंत्र शोधले’ असे अभिमानाने सांगणारे या वर्णनाचा आधार घेतात. परंतु असे चाक ब्रह्मगुप्ताने त्यापूर्वीच वर्णिले होते; आणि दुसरे म्हणजे ते अखंड फिरूच शकत नाही. पारा चाकाच्या एका बाजूस जितके बळ लावतो, तितकेच दुसऱ्या बाजूस खर्ची पडते, आणि घर्षणाने उरलीसुरली गतीही जाते. पॅरिसच्या विज्ञानसंस्थेने १७७५ सालीच असल्या यंत्रांचे अर्ज तपासणे बंद केले. पूर्वजांच्या अंगावर उसनी वस्त्रे चढविल्याने त्यांचा सन्मान होत नाही. फलकयंत्र त्यांचे आहे. ते अभिमानाने सांगावे.

भारताने १९७९ व १९८१ साली ‘भास्कर’ नावाचे दोन उपग्रह अवकाशात पाठविले. त्या नावात दोन्ही आचार्यांचे स्मरण आहे, हे आम्हांस फार उचित वाटते. साक्रीकरांस तर हे नाव रोज डोळ्यांसमोर आहे. भास्कर म्हणजे सूर्य, आणि साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ पासून १२५ मेगावॉटचे सौर विद्युत्केंद्र सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करू लागले.

आमची वाचकांस विनंती एवढीच. घरातील वंशावळ नुसत्या नावांची ठेवू नका. प्रत्येक नावापुढे वडिलांचे नाव, गाव, जन्मवर्ष आणि व्यवसाय लिहा. कोणी विहिरीवर नवी मोट बसविली असेल, कोणी शाळेत हिशेबाची सोपी रीत काढली असेल, तर तेही ज्याचे त्याच्याच नावापुढे नोंदवा. आणि स्त्रियांची नावे गाळू नका. लग्नात नाव बदलण्याच्या चालीने माहेरचे नाव पुसले जाते, आणि मग आजीने काय केले, हे पणतीस कधीच कळत नाही. चांगदेवाला हे काम दगडावर करावे लागले. आपल्यास एक वही पुरे.

भास्कराचार्यांनी गोल, शंकू, घटी, चक्र, फलक इत्यादी यंत्रे सांगून झाल्यावर सर्वांहून श्रेष्ठ असे एक यंत्र शेवटी सांगितले आहे. ते म्हणजे ‘धी’, अर्थात बुद्धी. हे यंत्र कोणा एका भास्कराच्या नावावर नाही. ते आजोबांपाशी आहे आणि नातवापाशीही आहे.