साखळी गेली, पासवर्ड आला!



युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने कपाटाला बांधलेली असत. त्या साखळ्या गेल्या, आता पासवर्ड आला आहे. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकावर येत आहेत, याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच: त्या संगणकासमोर बसणार कोण?

याचे उत्तर तंजावरात सापडते. तिथल्या मराठी राजांचे सरस्वती महाल ग्रंथालय दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) भरभराटीला आणले. काशीयात्रेत ग्रंथांच्या नकला करवल्या, युरोपातून पुस्तके मागवली, देवनागरी छापखानाही काढला. त्या काळचे नवे यंत्र त्यांनी विद्येच्या कामी जुंपले. ओरतनाडच्या छत्रात मुलांना जेवण, निवारा आणि शिक्षण एकत्र मिळे. परंतु ग्रंथालय राहिले राजवाड्यातच. जनतेसाठी त्याचे दार उघडले १९१८ साली, म्हणजे सरफोजींच्या मृत्यूनंतर ८६ वर्षांनी!

याच तंजावर जिल्ह्यातल्या शियाळी गावी १८९२ साली एस. आर. रंगनाथन जन्मले. पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, हा त्यांनी ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम केला. १९३१ साली मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. गाडी साधी, पण दिशा बरोबर: पुस्तक माणसाकडे निघाले होते.

आज काय चालले आहे? सरस्वती महालात मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. त्यांत राजवाड्याचे आणि छत्रांचे जमाखर्च आहेत, म्हणजे राबणाऱ्यांचाही इतिहास आहे. कागद ठिसूळ होतो, म्हणून स्कॅनिंग हवेच. पण फोटो काढला म्हणजे कागद वाचला, असे होत नाही. त्याला मोडी जाणणारा माणूस लागतो. यंत्राला पैसा आणि माणसाला कंत्राट, हा न्याय आम्ही रेल्वेत आणि टपाल खात्यात पुरता ओळखतो.

केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. पहिल्या टप्प्यात लाभ सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. चांगलेच आहे! पण पैसा जनतेचा असताना सार्वजनिक ग्रंथालयातला वाचक रांगेत मागे का?

साहेब लोक म्हणतात, “आता सगळे मोबाईलवर मिळते, अभ्यासिका कशाला?” एका खोलीच्या क्वार्टरमध्ये रात्रपाळी करून बाप झोपलेला असतो, तिथे मुलीने अभ्यास करायचा कुठे? मोबाईल टेबल देत नाही, शांतता देत नाही, अडले तर सांगणारा सोबती देत नाही. चार पोरे एका टेबलाशी बसली की एकाचे ज्ञान चौघांचे होते. संघटनाही अशीच शिकते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१. विद्यापीठ ग्रंथालयांच्या अभ्यासिका आणि संगणक संध्याकाळी कामगारांना व त्यांच्या मुलांना खुले करा.

२. स्कॅनिंगबरोबर मोडी वाचकांच्या कायम जागा भरा.

३. वर्गणी योजनेत सार्वजनिक ग्रंथालये ताबडतोब घ्या.

राजवाड्याचे दार उघडायला ८६ वर्षे लागली. पासवर्डचे दार उघडायला आम्ही तेवढे थांबणार नाही. प्रत्येक शाखेने हे ठराव करून पाठवावेत!