तांदळाचं नाव तपासा, मग भाव लावा

दादर ज्वारी आणि हायब्रीड ज्वारी खान्देशी माणूस नुसत्या मुठीत घेऊन ओळखेल. तांदळापुढे मात्र तो दुकानदाराच्या शब्दावर चालतो. भात पिकतो तो साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि नवापुरात. त्यातलं नवापूरही १९९८ साली धुळ्यातून निघून नंदुरबारमध्ये गेलं. म्हणून जळगाव-धुळ्याच्या बाजारासाठी हे मुद्दे.

१. आपण पैसे नावाचे मोजतो. आंबेमोहराच्या नावाने आंध्रकडचा जीरासांभव खपवला जातो, ही तक्रार जुनी आहे. दाणा तसाच बुटका, वासही जवळपास तसाच. यात गिऱ्हाईक फसतं, आणि खरा माल पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा भावही पडतो.

२. तपासणी अवघड नाही. सडीक तांदळाचे सहा दाणे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ३० अंश तापमानाला २३ तास ठेवायचे. काही वाणांचे दाणे जसेच्या तसे राहतात, काहींच्या कडा फुलतात, काही पार विरघळतात. एकाच पोत्यातले सहा दाणे सहा तऱ्हेने वागले, तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. आयोडिनच्या निळ्या रंगावरून स्टार्चमधलं अमायलोज मोजतात. ते २५ टक्क्यांच्या वर असेल तर भात मोकळा होतो, २० च्या खाली असेल तर चिकट. फेनॉलची चाचणी मात्र बियाण्यासाठी ठेवावी. त्यात रंग आणणारं विकर टरफलात आणि कोंड्यात असतं, पॉलिश केलेल्या दाण्यावर ते उरत नाही.

३. वासावर निकाल देऊ नये. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलीन या द्रव्याचा. बासमती असो वा आंबेमोहर, द्रव्य तेच, आणि साठवणीत ते उडत जातं. शिवाय वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली इंद्रायणी ही आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांची लेक. मायलेकींचा वास सारखा येणारच! रसायन ‘हा तो नव्हे’ एवढं सांगतं. ‘हा तोच’ म्हणायला डीएनए लागतो.

४. बासमतीला २०२३ पासून स्वतंत्र मानक आहे. त्यात अमायलोज, दाण्याची लांबी आणि इतर तांदळाच्या मिसळीची मर्यादाही आली. आपल्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं, पण अशी मोजपट्टी नाही. ती राज्याने मागून घ्यावी.

५. तोवर बाजार समित्यांनी धुळ्याचं कृषी महाविद्यालय आणि जळगावचं विद्यापीठ यांना हाताशी धरून दाण्यांच्या चाचणीचं एक टेबल मांडावं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आयोडिन आणि काचेच्या बशा यांना कोट्यवधी लागत नाहीत. सणासुदीला दुकानांतले नमुने उचलून निकाल समितीच्या फलकावर लावले, तरी निम्मं काम होईल.

६. आणि गिऱ्हाइकांनो, अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम ४० तुमच्यासाठी आहे. घेतानाच दुकानदाराला सांगून, फी भरून कोणताही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. माल नियमात बसला नाही, तर फी परत मिळते. खोट्या नावाने विकणाऱ्याला ३ लाखांपर्यंत दंड आहे. पुढचा कट्टा घेताना पावतीवर नुसतं ‘तांदूळ’ नको, वाणाचं नाव लिहून मागा.